नाचरीची दुपारची सुट्टी

सानिका बर्गेला वाघदऱ्यात नोकरी लागून अकरा आठवडे झाले होते, आणि बाराव्या आठवड्याच्या मंगळवारी दुसरी नोकरी आपल्या पायांनी चालत आली. तिनं अर्ज केला नव्हता की कुणाकडे शब्द टाकला नव्हता. पुण्याजवळच्या ‘परागदूत’ कंपनीतून फोन आला, की आम्हाला तुम्हीच हव्या आहात. पगार अडीचपट, राहायला घर, हाताखाली सहा माणसं. उत्तर सोमवारी सकाळपर्यंत कळवा. असा फोन आला की माणूस आधी घाबरतो आणि मग आरशात डोकावून येतो. सानिकानं दोन्ही केलं.

वाघदरे हे जावळीच्या डोंगरातलं सत्तर उंबऱ्यांचं गाव. दोन किराणा दुकानं, एक शाळा आणि नऊशे मधपेट्या. पेट्यांत सातेरी माश्या, म्हणजे आपली देशी मधमाशी: अंगानं लहान, स्वभावानं भित्री, आणि जागा मनाला आली नाही तर अख्खं कुटुंब घेऊन उडून जाणारी. गावातल्या मधपाळांची सहकारी संस्था होती आणि या संस्थेनं सानिकाला नेमलं होतं ते माश्यांना पत्ते सांगायला. कोरेगावात तिच्या आईला कुणी विचारलं, तर आई हे वाक्य तोंडातून काढत नसे. ‘शेतीखात्यात आहे’ एवढंच सांगून विषय बदलत असे.

पत्ते सांगणं ही थट्टा नव्हे. मधमाशीला फुलांचा चांगला ताटवा सापडला की ती पोळ्यात परत येऊन बाकीच्यांसमोर नाचते. पोटाचा भाग थरथरवत थोडं सरळ चालते, वळसा घेऊन मागं येते, पुन्हा तेच करते. सरळ चालताना ती उभ्या रेषेशी जो कोन करते, तोच कोन बाहेर सूर्य आणि फुलं यांच्यामध्ये असतो. थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त. भोवतीच्या पाचसहा जणी मिशा लावून लावून हा नाच वाचतात आणि बाहेर पडून नेमक्या त्या ताटव्यावर उतरतात. ही भाषा माणसाला शंभरेक वर्षं वाचता येत होती, पण बोलता येत नव्हती. सानिका कॉलेजात असताना ती बोलता यायला लागली.

बोलणारं यंत्र होतं चिंचोक्याएवढं. केसासारख्या बारीक दांडीवर बसवलेली खोटी माशी, फुलाचा वास आणि साखरपाण्याचा थेंब देणारी, खऱ्या माशीसारखे पंख फडफडवणारी. तिला ‘नाचरी’ म्हणत. सकाळी ड्रोन डोंगर फिरून कुठं काय फुललंय ते टिपून आणत, सानिकाचा प्रोग्राम त्यातली चांगली जागा निवडे, आणि पेटीतली नाचरी ती जागा नाचून सांगे. माश्यांचा शोधाशोधीत जाणारा वेळ वाचे. वाघदऱ्यातल्या साठ पेट्यांत अशा नाचऱ्या बसवल्या होत्या. त्यातून हे वर्ष कारवीचं. कारवी सात वर्षं नुसती हिरवी उभी राहते आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा करून टाकते. आज या उतारावर उमलेल तर उद्या त्या. गाव सात वर्षं या महिन्याची वाट बघत होतं.

काम चांगलं चाललं होतं. एकच भानगड होती. तिसऱ्या आठवड्यात सानिकाच्या लक्षात आलं की दुपारी साडेबारानंतर साठच्या साठ नाचऱ्या गप्प होतात. तिनं बॅटऱ्या तपासल्या, तारा तपासल्या, प्रोग्राम दोनदा नव्यानं लिहिला. चार दिवस तिच्या नाकी नऊ आले. पाचव्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन पेट्यांपाशीच जाऊन बसली, तेव्हा भिकूआप्पा काठी टेकत आले आणि एकेका पेटीचं बटण बंद करत निघाले. भिकूआप्पा ढेबे म्हणजे गावातले सगळ्यांत जुने मधपाळ, वय पंचाहत्तर. तिनं विचारलं तर म्हणाले, दमत असंल बिचारी, सकाळपासनं नाचतीया.

सानिकानं कपाळाला हात लावला. हे यंत्र आहे, ते दमत नाही, हे तिनं त्यांना तीन वेगवेगळ्या प्रकारांनी समजावलं. आप्पांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा बटणं बंद केली. संस्थेच्या अध्यक्ष इंदूताई या आप्पांच्या पुतणसून. तिनं त्यांच्याकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, सांगते त्यांना. आणि काही सांगितलं नाही. शेवटी सानिकानं नाद सोडला. महिन्याच्या अहवालात ‘स्थानिक कारणांमुळे दुपारनंतर यंत्रे बंद’ अशी एक ओळ लिहिली आणि ती कुणी वाचणार नाही अशी आशा केली.

तर मंगळवारी हा फोन. मंगळवार संपायच्या आत सगळ्यांची मतं येऊन पडली. आई म्हणाली, देवानं ऐकलं. कॉलेजातल्या मैत्रिणीनं विचारलं, की तिकडं आमच्यासाठी काही निघतंय का बघ. आणि प्रथमेश, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, यात विचार कसला करायचा? फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं होतं. तो पुण्यात वारज्याला राहून धरणांच्या दारांचे आराखडे करत असे. त्यानं तासाभरात दोन्ही नोकऱ्यांचा तक्ता करून पाठवला: पगार, बढती, प्रवास, विमा. तक्त्यात वाघदऱ्याच्या रकान्यात सगळीकडे लाल रंग होता. वाघदरे त्यानं अजून बघितलेलं नव्हतं. पावसात घाटाचा रस्ता बंद होता, नंतर त्याचं काम वाढलं, मग राहून गेलं.

सानिकाला खरंतर जायचंच होतं. हे कबूल करायला तिला लाज वाटत नव्हती. मोठी प्रयोगशाळा, शिकलेली माणसं, संध्याकाळी नवऱ्याबरोबर जेवण. अडचण फक्त इंदूताईंना सांगायची होती. तिच्यासाठी संस्थेनं एक खोली रंगवून घेतली होती, आणि ऐन कारवीत ती निघून गेली तर नाचऱ्या हाताळणारं दुसरं कुणी नव्हतं. बुधवारी सकाळी ती त्यांच्याकडे गेली.

इंदूताई ओसरीवर बसून सुरीनं चौकटींवरचं मेण खरवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला नाही, सुरी थांबली नाही.

“जागा बगितलीस का?” त्यांनी विचारलं.

“फोटो बघितलेत.”

“फोटू न्हवं. जाऊन.”

मग इंदूताईंनी सुरी खाली ठेवली. त्यांच्या संस्थेची एक रीत होती आणि सानिकानं ती दोन बैठकांत पाहिलीही होती. पेट्या नव्या ठिकाणी न्यायच्या असल्या, तर त्या जागेवर स्वतः जाऊन दिवसभर बसून आलेल्यानंच बैठकीत बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि पटलं नाही तर आधी जाऊन बसून यायचं, मग तोंड उघडायचं. माश्याही घर बदलताना हेच करतात. एकीनं नाचून सांगितलं म्हणून थवा उठत नाही. दुसरी स्वतः जाऊन जागा बघते, मगच तिच्या बाजूनं नाचते.

“तुज्याभवती समदी नाचाय लागल्यात,” इंदूताई म्हणाल्या. “आई, मालक, मैतरीण. बगून कोण आलंय? दोन दिस रजा घे. जा, बस, बग. मग मला सांग.”

शुक्रवारी सकाळी सानिका चाकणच्या पुढं परागदूतच्या दारात उभी होती. तिला न्यायला मुख्य शास्त्रज्ञ डॉ. मृदुला आठल्ये स्वतः आल्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांचा बॉब, चालणं भरभर. त्यांनी सगळं मोकळेपणी दाखवलं. सानिकाच्या तोंडाला पाणी सुटलं. नाचऱ्यांची पाचवी पिढी होती. पंखांचा आवाज असा की डोळे मिटले तर खरी माशी कानाशी आहे असं वाटावं. पंधरा ड्रोनचा ताफा, फुलांच्या वासांची भलीमोठी कपाटं. चार हजार पेट्या डाळिंबाच्या, सफरचंदाच्या, सूर्यफुलाच्या बागांना भाड्यानं जात होत्या. शेतकरी पैसे देणार आणि माश्या त्याच्याच बागेत जाणार, इकडंतिकडं नाही. हे आपल्या हाती येणार, या विचारानं तिचं पाऊल जमिनीवर ठरेना.

मग आठल्यांनी तिला शेवटच्या खोलीत नेलं. तिथं दोन्ही बाजूंनी काच लावलेलं पोळं होतं. मधोमध नाचरी नाचत होती, कोन अचूक, थरथर अचूक. आणि तिच्याभोवती कुणीही नव्हतं. माश्या तिच्याकडे पाठ करून, तिला वळसा घालून आपापल्या कामाला जात होत्या. सानिका काचेला नाक लावून बघत राहिली. तिला आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरून एक खरी माशी पायांना पिवळे गोळे लावून आली, थोडी नाचली. तिच्याकडेही कुणी बघितलं नाही. ती थांबली आणि गर्दीत मिसळून गेली.

“आठ महिने झाले,” आठल्ये म्हणाल्या. “आधी आमचं ऐकेनाशा झाल्या. आता एकमेकींचंही ऐकत नाहीत. प्रत्येक माशी एकटीच भटकते. पेट्या उपाशी राहायला लागल्यात. आमच्या माहितीत फक्त तुमच्या साठ पेट्या अशा आहेत, जिथं यंत्र असूनही माश्या ऐकतात. तुम्ही वेगळं काय केलंत?”

आपल्याला का बोलावलं, हे सानिकाला आत्ता कळलं. प्रोग्राम तर तिचा मुळात तोच होता, जो सगळ्यांकडे होता. ती उत्तराला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला साडेबाराची वेळ आणि काठीचा आवाज आठवला, आणि सगळं एकदम उलगडलं.

खरी माशी फुलात मध असेतोवरच नाचते. मध आटायला लागला की नाच लहान होतो, मग थांबतो. कारवीचा मध सकाळचा. दुपारनंतर फुलं तशीच जांभळी दिसतात, ड्रोनला त्यात फरक कळत नाही, पण आत थेंब नसतो. नाचरी चालू राहिली असती तर दुपारभर माश्यांना रिकाम्या फुलांवर धाडत राहिली असती. परागदूतच्या नाचऱ्या तेच करत होत्या. शेतकऱ्यांशी करार बारा तासांचा, म्हणून बारा तास नाच, फुलात काही असो वा नसो. पन्नासदा फसलेली माशी एक्कावन्नाव्या वेळी नाच बघायला थांबत नाही, मग नाचणारी यंत्र असो की सख्खी बहीण. वाघदऱ्याची नाचरी कधी खोटं बोललेली नव्हती. एका म्हाताऱ्यानं ती खोटं बोलू लागायच्या आत तिला रोज गप्प केलं होतं.

आणि ही गोष्ट या खोलीत फक्त सानिकाला ठाऊक होती. आठल्ये उत्तराची वाट बघत होत्या. सानिकाच्या मनात आलं, की हे सांगून टाकलं तर यांना माझी गरज काय उरली? एक बटण दुपारी बंद करायला अडीचपट पगार कोण देईल? सोमवारी हो म्हणायचं, महिनाभर अभ्यास केल्यासारखं दाखवायचं आणि मग शोध लावायचा. नाव होईल. ती म्हणाली, मला नोंदी पुन्हा बघाव्या लागतील.

दुपारी प्रथमेश ऑफिसातून सुट्टी काढून तिला जेवायला घेऊन गेला. त्यानं दोन खोल्यांच्या तीन घरांची माहिती काढून ठेवली होती. तो इतका खुशीत होता की त्यानं तिला न विचारता तिच्या आवडीचं सगळं मागवलं. सानिका हसत राहिली आणि घास गिळत राहिली. आपण काहीतरी चोरून आणलंय असं तिला सारखं वाटत होतं. तिनं त्याला काही सांगितलं नाही, आणि संध्याकाळच्या आधीच साताऱ्याची गाडी धरली.

शनिवारी ती पेट्यांपाशी गेली. कारवीचा उतार ऊन लागून झळकत होता. आप्पा वेळेवर आले. तिनं त्यांना बसायला पोतं अंथरलं आणि अकरा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना समजावायचं सोडून विचारलं. “आप्पा, खरं सांगा. ती दमते म्हणून बंद करता, की तुम्हाला माहीत होतं दुपारी मध नसतो?”

आप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“मध नसतो ते काय, शेंबड्या पोराला बी म्हाईत हाय,” ते म्हणाले. “पर मी काय तेवडा इचार केला न्हाई, बाय. बाकीच्या माशा दुपारी गप पडत्यात. ही एकटीच नाचताना बरी दिसत न्हवती.”

सानिका हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. स्वतःचीच तिला लाज वाटली. जे यांना बसल्या जागी दिसलं, ते तिनं तीनदा खोडून काढायचा प्रयत्न केला होता, आणि काल तेच आपल्या नावावर करायला निघाली होती. ती तिथंच बसून राहिली. आप्पांना तिनं मग आणखी विचारलं: धुकं आलं तर माश्या काय करतात, कारवी संपल्यावर कुठं जातात, पोळं सोडून जायच्या आधी काय दिसतं. सूर्य डोंगराआड गेला तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं आठल्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. बटण, साडेबारा, आप्पांचं नाव, त्यांचं वय, सगळं. शुक्रवारी मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही, हेही सांगितलं.

“करारात बारा तास लिहिलेत,” आठल्ये म्हणाल्या. “ते बदलायला मला भांडावं लागेल. पण भांडेन. सानिका, हे तुम्ही फुकट का सांगितलंत?”

“त्या काचेतल्या खऱ्या माशीकडे कुणी बघितलं नाही म्हणून,” सानिका म्हणाली.

आठल्ये हसल्या नाहीत. नोकरी अजून तुमचीच आहे, म्हणाल्या. उलट आता जास्तच. सानिकाला हे अपेक्षित नव्हतं. खरं सांगितलं की प्रश्न मिटेल असं तिला वाटलं होतं, आणि प्रश्न तर तसाच समोर उभा. पण आता तिला त्याच्याकडे नीट बघता येत होतं. ती म्हणाली, मॅडम, मी इथं माश्यांना शिकवायला आले आणि शिकायला कालपासून लागले. मला इथं राहावंसं वाटतंय. तुम्ही तुमची दोन माणसं इकडं पाठवा, आप्पा त्यांना परत पाठवणार नाहीत, पण सोपंही जाणार नाही. शेवटचं उत्तर मात्र उद्या देते, घरी एकाला विचारायचं राहिलंय.

प्रथमेशला तिनं जेवणाच्या वेळी फोन लावला आणि काहीही न वगळता सांगितलं. त्याच्यामागं कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे ठरलंय,” तो म्हणाला.

“नाही. मन कुठं आहे ते सांगितलं. ठरवायचं तुझ्याशी बोलून.”

मग तो बोलला. पगार, बढती, ही संधी पुन्हा येत नाही, संस्था उद्या बंद पडली तर काय. चुकीचं काहीच नव्हतं. सानिकानं सगळं ऐकून घेतलं. तो थांबल्यावर म्हणाली, हे सगळं तक्त्यात होतं, प्रथमेश. आणखी काही आहे का?

त्यानं आधी गॅस बंद केला.

“संध्याकाळी घरी यायला नको वाटतं,” तो म्हणाला. “कुलूप मीच उघडतो, दिवा मीच लावतो. लग्नाआधीही हेच करत होतो, तेव्हा काही वाटायचं नाही. आता वाटतं.”

आठवडाभर सगळं जग तिच्याशी या नोकरीबद्दल बोलत होतं आणि एवढी एक गोष्ट कुणी बोललं नव्हतं.

“हे मंगळवारी म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी हो म्हणून मोकळी झाले असते.”

“म्हणूनच म्हणालो नाही,” प्रथमेश म्हणाला.

सानिका बाहेर आली, दगडावर बसली आणि जरा वेळानं नीट बोलू लागली. कारवी आणखी पंधरा दिवस आहे. ती संपली की कामाचा जोर ओसरतो, इंदूताईंना विचारून आठवड्यातले तीन दिवस पुण्यात राहून नोंदींचं काम करता येईल. नाही जमलं तर दुसरं काही काढू, पण दिवा रोज एकट्यानं लावायचा नाही. आणि या शुक्रवारी तू इकडं ये. पुढच्या कारवीला आठ वर्षं आहेत.

प्रथमेशनं तक्त्याबद्दल काही विचारलं नाही. तालुक्याच्या मेढ्याहून वाघदऱ्याला शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते विचारलं.